भिंतीवरचा काका

समितीच्या बाई दुपारच्या चहाला येणार होत्या आणि सगळे चेहरे तयार होते. एक तेवढा राहिला होता. तो काकाच्या टेबलावर दिव्याखाली पडला होता आणि तो काकाचाच होता.

नाव मात्र त्याच्या थोरल्या भावाचं. स्टेशनातल्या भिंतीवर, बॉम्बस्फोटात गेलेल्या माणसांच्या रांगेत, हा फोटो इतकी वर्षं काचेमागे लागलेला होता. खाली थोरल्याचं नाव, वर धाकट्याचा चेहरा. भांग उलट्या बाजूला पाडलेला आणि गालावरचा तीळ पुसलेला, एवढाच काय तो फरक. घरात हे प्रत्येकाला ठाऊक होतं, बाहेर कुणाला ठाऊक असेल असं घरात कुणालाही वाटत नव्हतं, आणि यावर बोलायचं नाही हे सगळ्यांनी न ठरवताच ठरवून टाकलं होतं.

आजोबांच्या काळापासून फोटोंवर पोट भरणाऱ्या घरात थोरल्याचा एक धड फोटो नसावा, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. घरच्यांना वाटत नसे. थोरला कायम कॅमेऱ्यामागे. "मी समोर गेलो तर काढणार कोण, हा?" असं म्हणून तो धाकट्याकडे बोट दाखवायचा, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. थोरल्याच्या लग्नात कॅमेरा धाकट्याच्या हातात दिला होता आणि त्या शहाण्याने रोल गुंडाळायच्या आधीच मागचं झाकण उघडलं होतं. सगळं लग्न उजेडात गेलं. वहिनीच्या माहेरी त्याला त्यानंतर कितीतरी दिवस 'झाकण' म्हणत.

स्टेशनात स्फोट झाला त्या दिवशी थोरला गिऱ्हाइकाचा अल्बम पोचवायला पलीकडच्या गावी निघाला होता. ओळखपत्र खिशात होतं, ते त्याच्याबरोबरच गेलं. संध्याकाळी पेपरवाला काउंटरशी येऊन उभा राहिला, फोटो द्या म्हणाला. होते ते शाळेतले, मिसरूडसुद्धा न फुटलेले. मोठेपणीचा एकच होता, आणि तो वाया गेलेला. दुकानाचा नियम असा की खराब फोटो दारातून बाहेर जात नाही. प्रत्येक फोटो आधी माईने बघायचा, मागे शिक्का मारायचा, मग पाकिटात. माई म्हणजे या दोघांची आई, दुकानाची मालकीण, आणि तिच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नसे. त्या संध्याकाळीही सुटला नाही. "असला माझ्या पोराचा पेपरात जाणार नाही," ती म्हणाली, आणि खणातला धाकट्याचा चांगला फोटो पुढे सरकवला. दोघांची चेहरेपट्टी एकच होती. काकाने रडत रडत ब्रश घेतला आणि भांग बदलला. उद्याच्या पेपरापुरतं, असं त्याला वाटलं होतं. पेपरातला फोटो भिंतीवर गेला आणि तिथेच राहिला.

आता गेलेल्यांच्या घरच्यांची समिती भिंत नवी करत होती. कागदी फोटो ओलीने पिवळे पडले होते. त्यांच्या जागी चिनी मातीच्या फरश्या बसणार होत्या, चेहरा भट्टीत भाजून पक्का केलेला, ऊन लागो की पाणी लागो. एकदा बसली की बसली. आणि सगळे जुने फोटो नीट करून द्यायचं काम याच स्टुडिओकडे आलं होतं.

"काका, झालं?"

बारकी दारात उभी होती. दारातून येताना तिला मान वाकवावी लागते, इतकी उंच झाली आहे, पण नाव पडलं ते पडलं. बाप गेला तेव्हा ती बोबडं बोलायची. आता दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते, आणि तिचा स्वतःचा पुढचा दात मात्र तिरका आहे. फुकटात सरळ झाला असता, पण ती हात लावू देत नाही.

"बाकीचे झाले. हा एक," काका म्हणाला.

"हा नको. तो दे."

"कुठला तो?"

"उगाच साळसूदपणा करू नकोस. वाया गेलेला."

काकाने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. चष्मा स्वच्छच होता.

"बारके, तो धड नाहीये गं. बघितलायस ना?"

"लहानपणी एकदा. मग माईने खणाला कुलूप लावलं." ती स्टुलावर बसली, तेही नीट, सगळं वजन टाकून, म्हणजे लवकर उठायचा विचार नव्हता. "तुला एक सांगते, राग मानू नकोस. कामावर साचा वाळेपर्यंत मला जरा वेळ असतो. मी डोळे मिटून बाबांना आठवायला बघते. आणि तू येतोस. दर वेळी तूच. भांग उलटा पाडून."

काकाने ब्रश उचलला आणि परत खाली ठेवला.

"तू मला आवडतोस रे. पण तुला कशाला आठवू? तू तर रोज जेवायला शेजारी असतोस."

तिला हसू आलं आणि लगेच गेलं. पोरीचा बाप बॉम्बने नेला, आणि बापाचा चेहरा मी नेला, असं काकाच्या मनात आलं, आणि ते इतकं साफ आलं की त्याला टेबलाची कड धरावी लागली.

"शिक्का माईकडे आहे," तो शेवटी म्हणाला. "तिच्या शिक्क्याशिवाय इथून काही जात नाही."

"तिला विचारणारच आहे. सगळ्यांसमोर. तू कुणाच्या बाजूने आहेस तेवढं सांग."

"मी फोटोच्या बाजूने."

"कुठल्या?"

काकाने दिवा बंद केला आणि टेबलावरचे फोटो उचलले. "चल, खाली चल," एवढंच म्हणाला.

* * *

दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. माई काउंटरमागे तिच्या उंच खुर्चीत बसली होती. गुडघे गेले, कंबर गेली, पण खुर्ची काही सुटली नाही. समोर शाईची डबी, शिक्का आणि भिंग. काकूने कप मांडून ठेवले होते. वहिनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कामावरून नुकतीच आली होती आणि पर्स अजून खांद्यालाच होती.

बारकीने आडपडदा ठेवला नाही. "माई, भिंतीवर बाबांचाच फोटो जायला हवा. काकाचा नको."

"मी तर कधीची म्हणतेय," काकू म्हणाली. तिला एवढंच निमित्त हवं होतं. "स्टेशनात जावं तर नवऱ्याच्या फोटोखाली कुणीतरी फुलं ठेवलेली. आणि तोच नवरा शेजारी तिकिटाच्या रांगेत, सुट्टे पैसे आहेत का विचारतोय. जीव वरखाली होतो माझा. एकदा तर एक बाई भिंतीकडे बघतायत, मग यांच्याकडे, मग परत भिंतीकडे. हातातली पिशवी खाली. हे काय म्हणाले असतील? 'मी भाऊ.'"

"खोटं बोललो का?" काका म्हणाला.

"खरंही कुठे बोललात?"

माईने हात वर केला. तो हात वर गेला की या घरात मोठी माणसंसुद्धा शाळेतल्यासारखी गप्प बसतात.

"लोक काय म्हणतील?" तिने विचारलं. "इतकी वर्षं या भिंतीपाशी मान खाली घालून उभे राहिलो. मंत्री आले, पेपरवाले आले. आता सांगायचं, तो फोटो त्याचा नव्हताच? ज्यांची माणसं तिथे गेली, त्यांना काय वाटेल? फोटोवाल्यांनी फोटोतच फसवलं म्हणतील. आणि तो दुसरा फोटो, तो काय फोटो आहे? तोंड उघडं, केस उभे. माझ्या पोराला मी असा जगासमोर उभा करू?"

"तो असाच होता ना, माई?"

"तू काय बघितलंस तो कसा होता?"

हे लागलं. माईलाही कळलं की लागलं, आणि तिने उगाचच शाईच्या डबीचं झाकण उघडून परत लावलं. बारकीने आईकडे पाहिलं. आई आता बोलेल, याची तिला खात्री होती. बाकी काही असो, या गोष्टीत आई आपली, असं ती धरून चालली होती.

"हाच राहू दे," वहिनी म्हणाली.

"आई?"

"हाच राहू दे, बारके. भाऊजींचा."

काकूच्या हातातली किटली तशीच राहिली. दोन्ही जावांचं एकमत फारसं कधी होत नसे, पण या बाबतीत ती वहिनीला आपल्याच बाजूला मोजत होती.

* * *

वहिनीला हे कधीतरी सांगावं लागणारच होतं, फक्त ते असं, कपांच्या समोर, पर्स खांद्याला अडकवून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. ती पलीकडच्या गावातल्या औषधांच्या दुकानात हिशेब बघते. जायची गाडी त्याच स्टेशनातून, यायची त्याच स्टेशनात. दुसरा रस्ता नाही.

"मी रोज त्या भिंतीसमोरून जाते," ती म्हणाली. "बाकीच्या घरची माणसं थांबतात तिथे. तो म्हातारा शिंपी थांबतो, हात लावतो काचेला. मी नाही थांबत. तिथे भाऊजींचा फोटो आहे. मला काही होत नाही. मी जाते, गाडी पकडते, आठ तास आकडे बघते आणि घरी येते. हिला वाढवलं ती तशीच वाढवली." तिने पर्सचा पट्टा सारखा केला. "तिथे तो खरा लागला तर मी रोज त्याच्यासमोरून कशी जाऊ, ते सांगा आधी."

माईने सुनेकडे पाहिलं आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या बाजूला येऊनही ही आपल्या बाजूला नाही.

बारकीला आईचा राग आला होता, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला. ती लहान होती तेव्हा त्याच स्टेशनातून आई तिचा हात धरून भराभर चालायची. किती भराभर, ते तिला आता आठवलं. तरी ती मागे हटली नाही.

"आई, ज्यांनी बॉम्ब ठेवला त्यांचे फोटो बघितलेस ना तू?"

"ते कशाला आता?"

"सगळ्यांनी बघितलेत. पेपरात, टीव्हीवर, दर वर्षी. नाक, डोळे, सगळं स्वच्छ. माझ्या लॅबमधल्या पोरींनासुद्धा ते चेहरे पाठ आहेत, आणि त्या तेव्हा पाळण्यात होत्या. आणि बाबांचा चेहरा कुणाला पाठ आहे? मला नाही. ते लोक जसे होते तसे राहिले. आमच्या माणसाला मात्र आम्हीच ब्रश मारला." तिचा आवाज चढला नव्हता, पण तिरक्या दातावर ओठ घट्ट दाबला होता. "तू रडशील म्हणून मी त्याला तसाच पुसलेला ठेवू का? मी नाही ठेवणार. माईने शिक्का नाही मारला तर मी बिनशिक्क्याचा नेऊन देईन."

बिनशिक्क्याचा. या दुकानात हा शब्द कुणी असा मोठ्याने उच्चारला नव्हता. काकूने किटली खाली ठेवली.

तेव्हा काका बोलला. सावकाश बोलला, कारण आईसमोर बोलताना तो अजूनही सावकाशच बोलतो.

"परवा एक आई आली होती. त्या चहाच्या स्टॉलवरच्या मुलाची. मी त्याचा फोटो नीट करून दिला होता. चांगला केला होता, माई, तूच शिक्का मारलास. बाईंनी बघितला आणि परत केला. म्हणाल्या, हनुवटीवरचा व्रण कुठे गेला? मी म्हटलं, काढला, स्वच्छ दिसतो ना. तर म्हणाल्या, सायकलवरून पडला होता तो, मीच त्याला टाके घालून आणलं होतं. तो व्रण परत लावा, नाहीतर मी हा कुणाचा मुलगा म्हणून बघू?"

"मला बोलला नाहीस," माई म्हणाली.

"काय बोलू? मी व्रण परत लावला. मग सगळेच परत काढले, ज्यांचे ज्यांचे मी गुळगुळीत केले होते ते सगळे. त्या मास्तरांची डोळ्याखालची पिशवी, त्या बाईंचा तुटका दात. सगळं जागच्या जागी बसवलं." त्याने शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. "आणि मग हाही काढला. सकाळीच. कुलपाची किल्ली तू चहाच्या डब्यात ठेवतेस, हे सगळ्या घराला माहीत आहे."

त्याने फोटो काउंटरवर ठेवला.

कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप होता, पण ग्रुप मागे धूसर होता. पुढे थोरला, अर्धा वाकलेला. एका हाताने कुणा आजोबांची कॉलर सारखी करतोय, दुसरा हात थेट कॅमेऱ्याकडे आडवा. केस विस्कटलेले, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, आणि उघड्या तोंडात पुढचा दात तिरका.

बारकीने हात उचलला आणि स्वतःच्या ओठाला लावला. हा माणूस तिला आठवतही नव्हता आणि तो तिच्या तोंडात होता.

वहिनी दूर उभी राहूनच बघत होती. मग जवळ आली. चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही, आधी बाहीकडे पाहिलं. "हा डाग," ती म्हणाली. "फोटो धुवायच्या पाण्याचा. मी किती घासला होता. गेलाच नाही." आणि मग तिने वर पाहिलं आणि तिच्या घशातून असा आवाज आला की काकूने तिला मागून धरलं. जावेने जावेला असं धरल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

माईने भिंग उचललं होतं. "काय ओरडतोय हा?"

"मला," काका म्हणाला. "मी बटण आधीच दाबलं. तो म्हणत होता, थांब, अजून नाही."

माईने भिंग फोटोच्या आणखी जवळ नेलं. त्या संध्याकाळी हाच फोटो तिने पाहिला होता आणि तिला फक्त केस दिसले होते, धूसर मागची माणसं दिसली होती, चुकलेली फ्रेम दिसली होती. पोटचा पोरगा गेला त्या दिवशीही आपण फोटोच तपासला, हे तिला आता कळत होतं आणि ते फार दुखत होतं.

"कॉलर तरी त्याची स्वतःची सारखी कर," ती हळूच म्हणाली.

"नाही, माई."

"नुसती कॉलर."

"नाही."

धाकट्याने तिला नाही म्हणायची ही पहिलीच वेळ होती, तीही लागोपाठ दोनदा.

वहिनीने डोळे पुसले, पर्स खांद्यावरून काढली आणि काउंटरवर ठेवली. "द्या हाच," ती म्हणाली. "मी घरातून लवकर निघत जाईन. उभं राहायला वेळ लागेल मला. लागू दे."

* * *

समितीच्या बाई शटरखालून वाकून आत आल्या. त्यांची धाकटी बहीण त्या भिंतीवर आहे, तिकीट खिडकीच्या आत बसायची ती. त्यांनी चहा घेतला, एकेक फोटो पाहिला, बहिणीच्या फोटोवर थोडा वेळ थांबल्या. मग दोन फोटो शेजारी शेजारी दिसले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

काकाने घसा साफ केला. "बाई, एक सांगायचं राहिलंय. भिंतीवर जो होता, तो माझा भाऊ नव्हता. तो मी."

"हो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत आहे. पहिल्या वर्षापासून. आम्ही तिथे चेहरेच बघत उभे असतो, दुसरं काय करतो? तुम्ही दर वर्षी खांबाआड उभे राहायचात, तरी दिसायचंच." त्यांनी जरा अवघडून माईकडे पाहिलं. "कुणी विचारलं नाही. शिंपी म्हणाले, त्यांचं दुःख त्यांना ठाऊक. मला वाटलं, फोटोवाल्यांच्या घरची काही पद्धत असेल."

काकू फस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात धरला. मग वहिनी हसली, डोळे ओले तसेच ठेवून. लोक काय म्हणतील, म्हणून घराने इतकी वर्षं जे सांभाळलं, त्यावर लोकांनी काहीच म्हटलं नव्हतं. माई मात्र हसली नाही. तिला त्या न विचारणाऱ्या लोकांची लाज वाटत होती आणि माया येत होती, दोन्ही एकदम.

काकूने जुना फोटो उचलला. "हा मी नेते घरात. फार दिवस उसना दिला होता." आणि तिने तो नवऱ्याकडे न बघता स्वतःच्या पिशवीत टाकला.

आता काउंटरवर एकच उरला. बाईंनी पाकीट पुढे केलं आणि सगळे माईकडे बघायला लागले. बारकीही बघत होती. बिनशिक्क्याचा नेऊन देईन, असं ती म्हणाली होती आणि ती नेईलही, पण तिला तो तसा न्यायचा नव्हता.

माईने फोटो पालथा केला. डबी उघडली. शिक्का शाईत दाबला, वर उचलून त्यावर फुंकर घातली आणि तो तसाच हवेत धरून ठेवला. मग तिने फोटो पुन्हा सुलटा केला आणि भिंगाशिवाय, अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"फोटो चुकलाय," ती म्हणाली. "माणूस बरोबर आहे."

आणि तिने शिक्का मारला.